कातळावरची चिंधी

"आली! कातळआई आली! सोडा!"

चिंधीबाबा असा ओरडला की तीन-चारशे माणसं एकदम माना वर करत. बांबूच्या टोकाला अडकवलेली हातभर मलमलची चिंधी सुटायची, क्षणभर फडफडायची आणि खाली पडायचं सोडून सरळ वर निघायची. झाडाच्या शेंड्याएवढी, मग त्याच्या दुप्पट, मग आणखी वर. गोल गोल फिरत ती थेट घिरट्या घालणाऱ्या गिधाडांपर्यंत जायची. शेवटी एक पांढरा ठिपका उरायचा, आणि मग तोही दिसेनासा व्हायचा. बायका तोंडाला पदर लावून रडायच्या, बाप्ये टोप्या काढून हात जोडायचे. ज्याची चिंधी वर गेली त्याची पीडा गेली!

१९८० सालच्या फेब्रुवारीतला रविवार होता. गाव मोहखडी, नाशिकहून पेठच्या वाटेला एस.टी.ने तासभर. हे माझंच गाव. मी सहादू पगारे, सातपूरला एका कारखान्यात फिटर. माझी जीभ तिखट आहे असं घरचे म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण ही जीभ जेव्हा चालायला हवी होती तेव्हा नेमकी चालली नाही. त्याचीच ही हकिकत आहे, आणि ती सांगताना मला अजूनही माझाच राग येतो.

कारखान्यातल्या पोरांनी बसमध्ये छेडलं होतं, "काय पगारे, तुमच्या गावाला देवी आली म्हणे! आम्हाला प्रसाद तरी आणा." म्हणून मी मुद्दाम बघायला गेलो. गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाचा एक मोठा कातळ आहे. दोन-तीन शेतांएवढा उघडा दगड, उतरता, त्याच्यावर गवताची काडी नाही. त्याच्या वरच्या टोकावर बाबा उभा. भगवी कफनी, छातीभर दाढी आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"चिंधी रोग्याच्या छातीवरून तीनदा फिरवा! लाजू नका, आईपुढं कसली लाज! ताप असू द्या, खोकला असू द्या, करणी असू द्या, घरात भांडण असू द्या, कोर्टातली तारीख असू द्या, आई सगळं वर ओढून घेती!"

कोर्टाची तारीख वर ओढून घेणारी देवी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वकिलांनी हिला कसं काय चालू दिलं कोण जाणे!

"आणि खाली पडली तर हो, बाबा?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"पडली म्हंजी पाप जड हाय! पाच रविवार या, आई हलकं करंल. आता गप्प बसा. आई श्वास घेतीया. बघा, मागून वारं लागतंय का नाय?"

लागत होतं. पाठीमागून हलकी झुळूक येत होती आणि कातळाकडे जात होती. पलीकडच्या बाजूची माणसं म्हणाली की त्यांनाही पाठीमागूनच लागतंय. चारी बाजूंनी वारा कातळाकडे! लोकांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, पण कारण वेगळं होतं. हे मी ओळखत होतो. आणि ते "सोडा!" ओरडणंही.

मी सातपूरला येण्याआधी सात वर्षं पुण्याकडे एका ग्लायडर शिकवणाऱ्या केंद्रात कामाला होतो. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. ते आपणहून उडत नाही, त्याला जमिनीवरून ओढून वर चढवावं लागतं. त्यासाठी मैदानाच्या एका टोकाला विंच असतो, म्हणजे इंजिनावर फिरणारं मोठं रीळ आणि त्याला लांबलचक तारेचा दोर. दुसऱ्या टोकाला दोराचा आकडा ग्लायडरच्या नाकाखाली लावायचा. विंचवाला रीळ फिरवतो, ग्लायडर पतंगासारखं चढतं, हजारेक फुटांवर गेलं की पायलट आकडा सोडून देतो. तो विंचवाला मी होतो. आणि आकडा लावणारा गोरक्ष नावाचा एक पोरगेला गडी. आकडा लागला की तो हात वर करून बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "सोडा!"

हजार फुटांवरून ग्लायडर पाच-सात मिनिटांत खाली यायला हवं. पण चांगला पायलट दोन-दोन तास खाली यायचा नाही. तो हवेचा चढ शोधायचा. उन्हाने जमीन तापते, जमिनीमुळे तिच्यावरची हवा तापते, तापलेली हवा हलकी होऊन वर निघते. त्या वर जाणाऱ्या हवेत शिरून गोल गोल फिरत राहिलं की ती ग्लायडरलाही वर घेऊन जाते. ती हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पायलट गिधाडांकडे बघतात. गिधाड पंख न हलवता वर चढतंय म्हणजे तिथे चढ आहे. एकदा आमच्या एका शिक्षकांनी मला सोबत नेलं होतं. बसल्याजागी कुणीतरी खालून ढकलावं तसं झालं, समोरच्या यंत्राचा काटा वरच्या बाजूला सरकला आणि आम्ही दोन गिधाडांच्या मागोमाग चढत गेलो. त्यातलं एक मान वळवून माझ्याकडे बघत होतं. इतका आनंद मला आयुष्यात फार वेळा झालेला नाही.

दुपारी चहाच्या वेळी मी हे सगळं गोरक्षला समजावून सांगायचो. तो शाळा न शिकलेला, पण डोक्याने तल्लख. एकदा मी फुशारकीने म्हणालो होतो, "अरे, हे मैदान काय घेऊन बसलास! आमच्या मोहखडीचा कातळ बघ. खाली भाताची ओली खाचरं, मध्ये हा काळा दगड. अकरा वाजले की गिधाडं नुसती उभी वर जातात. तिथं चिंधी सोडली तरी खाली यायची नाही."

हे मी म्हणालो होतो. गावाची आठवण येत होती म्हणून म्हणालो होतो.

मी गर्दीतून पुढे घुसणार, तेवढ्यात रांगेत माझी थोरली बहीण दिसली. भिमाअक्का. तिच्या खांद्याला टेकून तिची शकू, एकोणीस वर्षांची माझी भाची. ऑक्टोबरात शकूला टी.बी. निघाला होता. मीच तिला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. सुरुवातीचे काही महिने रोजची सुई, शिवाय दीड वर्ष गोळ्या. तीन महिन्यांत तिचा ताप गेला, खोकला गेला, गालावर थोडं मांस चढलं. आणि आता ती इथे उभी!

खरं सांगतो, मला भडकायलाच झालं. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बापाने घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले ते मी बघितलंय. माझ्या मागे टोपलीचा दुसरा कान धरून अक्काच चालत होती. आणि आज तीच अक्का पोरीच्या छातीवरून चिंधी फिरवत होती!

"आली! सोडा!"

शकूची चिंधी वर गेली. फार सुंदर गेली, एकही हेलकावा न खाता. अक्काने मान वर करून बघितलं आणि मग मटकन खाली बसून हसायला लागली. गेले चार महिने ती हसली नव्हती. शकूने मला बघितलं, हात हलवला. "मामा! बघितली का माजी? समद्यात वर गेली!"

मी गप्प बसलो.

संध्याकाळी बाबाच्या झोपडीवर गेलो. त्याने मला बघताच शिष्यांना बाहेर घालवलं आणि चक्क पाया पडायला वाकला.

"सहादूदादा, तुम्ही कवा ना कवा येनार हे ठाऊक होतं."

"गोरक्ष, लाज वाटत नाही?"

"दादा, केंद्रावर सात वर्षं मला समदे 'ए' म्हनायचे. इथं शिकलेली मानसं 'अहो' म्हनत्यात. मी कुनाचं काय वाकडं केलं? लोकं रडत येत्यात, हसत जात्यात. तुमची बहीन हसली का नाय?"

हसली होती. तिथेच मी अडकलो. मनात म्हटलं, उद्या हिला सांगायचं की ती नुसती गरम हवा होती? पुन्हा तिचं तोंड उतरवायचं? पोरगी बरी होतेय, एक चिंधी उडाली तर उडू दे. शिवाय आतून दुसरीही एक भीती होती. लोक विचारतील, याला हा कातळ दाखवला कुणी? मी गोरक्षला दोन शिव्या हासडल्या आणि शेवटची एस.टी. पकडली.

त्याने शकूला आणखी काय सांगितलं, ते मी विचारलंच नाही.

जुलैत सातपूरला निरोप आला. शकूला रक्ताची गुळणी आली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जुने कागद बघितले आणि चष्मा काढला. "फेब्रुवारीनंतर ही औषधाला आलीच नाही. का?"

माझे दाजी, काळू त्यांचं नाव, पायाकडे बघत राहिले. अक्का हळू आवाजात बोलली, "बाबा म्हनले, औशदाचं वझं राह्यलं तर पीडा पुन्ना खाली येती. पोरगी बरीबी होती ना सायब. खोकत नव्हती."

"बाई, ती बरी होती ती सुयांनी आणि गोळ्यांनी." डॉक्टर रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. "या रोगात दोन-तीन महिन्यांत माणूस बरा दिसतो, पण जंतू मेलेले नसतात. मध्येच सोडलं की उरलेले जंतू चिवट होतात, मग तीच औषधं लागू पडत नाहीत."

लागू पडली नाहीत. पावसाळाभर शकू दवाखान्यात होती. मी ड्यूटी सुटली की जायचो. शेवटी शेवटी तिचा हात माझ्या दोन बोटांएवढा झाला होता. एकदा म्हणाली, "मामा, माजी चिंधी तर वर गेली होती. मंग असं कसं?" मी म्हणालो, "बोलू नकोस, धाप लागते." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. दसरा-दिवाळीच्या मध्ये ती गेली.

पावसाळ्यात बाबा गायब होता. ऊन नाही तर कातळ थंड, आणि कातळ थंड तर आई येणार कुठून? दसऱ्यानंतर ऊन कडक झालं आणि बाबा परत हजर. शकूचं पुण्यानुमोदन, म्हणजे मृत्यूनंतरचं कार्य, झालं त्या दिवशी वरून कातळावरचं ओरडणं ऐकू येत होतं. "सोडा! सोडा!" अक्का जेवणाच्या ताटावरून उठून गेली.

मी कारखान्यात रजा टाकली आणि चार दिवस घरोघर फिरलो. "येत्या रविवारी कातळावर सकाळी सातला या. मीही चिंधी उडवणार आहे."

लोक आले. तमाशा बघायला लोक नेहमी येतात. बाबाही आला, दाढीतल्या दाढीत हसत. मी त्याला म्हटलं, "बाबा, उडवा एक."

"आत्ता आई निजलेली हाय."

"सात वाजले, गावातल्या सगळ्या आया उठल्या. हिला काय झालं?"

लोक हसले. मी दगडावर ओलं गवत पेटवलं. धूर उठला आणि थोडा वर जाऊन उताराने खाली गावाकडे घरंगळत गेला. मी चिंधी सोडली. ती गटकन पायापाशी पडली. "सगळ्यांनी कातळावर हात ठेवा," मी सांगितलं. गार होता. "आता बसा. पळून जाऊ नका. बाबा, तुम्हीही बसा."

नऊ वाजता हात लावला, कोमट. दहाला गरम. अकराच्या पुढे अनवाणी माणसं कातळावरून उठून गवतात जाऊन बसली. मग मी कातळाच्या चार कडांना चार ठिकाणी गवत पेटवलं. चारी धूर आत वळले, कातळाच्या वरच्या टोकाशी एकत्र आले आणि सरळ उभे चढले. कड्यावर बसलेली गिधाडं एकेक करून सुटली आणि त्या धुराच्या वर गोल फिरायला लागली.

"बघा," मी म्हणालो, "आई श्वास घेते म्हणून वारा आत येत नाही. कातळाला चिकटलेली हवा तापली, फुगली, हलकी झाली आणि उठली. चुलीवरून जळक्या कागदाचा तुकडा वर जातो ना, तसंच. तिची जागा भरायला बाजूची थंड हवा आत धावते, तीच तुम्हाला पाठीमागून लागते. ही गरम हवा सारखी जात नाही, थांबून थांबून सुटते. झुळूक लागली, गिधाड चढलं, की समजायचं सुटली. त्या वेळी चिंधी सोडली की वर जाते. अलीकडे-पलीकडे सोडली की बाजूच्या उतरत्या हवेत सापडून खाली येते. कुणाचं पुण्य आणि कुणाचं पाप, ते या बाबाच्या हातात होतं. त्याला ज्याला परत बोलवायचं त्याची खाली पाडायची."

"समदं झूट!" बाबा ओरडला. "रोग्याची चिंधी लागती, मंत्र लागतो!"

"बहिरूभाऊ, तुमचा बैल आणा इकडे." गावचा बहिरू बैल घेऊन आला. बैलाच्या पाठीवरून मी चिंधी फिरवली. पाठीमागून झुळूक लागली, वरचं गिधाड सरकन चढलं. "सोडा!" मीच ओरडलो. चिंधी उभीच्या उभी वर गेली. लोक खो खो हसायला लागले. "बैलाची पीडा गेली रे!"

दुसरी चिंधी कशावरूनच फिरवली नाही. तीही गेली.

तिसरी मी खिशातून काढली. निळ्या फुलांच्या ओढणीचा तुकडा होता. हसणं थांबलं, कारण ती ओढणी गावात सगळ्यांच्या ओळखीची होती. मी वाट बघितली. झुळूक आली.

"सोडा," मी म्हणालो. या वेळी मला ओरडता आलं नाही.

शकूची ओढणी वर गेली. फेब्रुवारीत गेली होती तशीच.

"गोरक्ष," मी म्हणालो, "ही पोरगी जाऊन सतरा दिवस झाले. तिची कुठली पीडा आता वर गेली, ते या माणसांना सांग."

त्याने एकदा वर बघितलं, मग बांबू खाली ठेवला आणि उकिडवा बसला.

मी लोकांना म्हटलं, "या बाबाच्या सांगण्यावरून दवाखान्याचं औषध कुणी कुणी सोडलं? हात वर करा. कुणी हसणार नाही."

मग म्हातारे खंडेराव म्हणाले, "म्या सोडलं. दम्याचं." मग कुसाबाईने नवऱ्याचा हात धरून वर केला. मग आणखी. अकरा हात मी मोजले. त्यांतले पाच टी.बी.चे होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन मी पहिल्या एस.टी.ने नाशिकला गेलो. दोघांना उशीर झाला होता. बाकीचे वाचले.

पण त्या दिवशी कातळावर शेवटी जे झालं ते सांगायचं राहिलं. लोक उठत होते. अक्का गर्दीतून माझ्यापर्यंत आली. उन्हाने तिचा चेहरा लाल झाला होता.

"सहादू, हे हवेचं तुला कदीपून ठाऊक हाय?"

"केंद्रावर होतो तेव्हापासून."

"मंजी शकूची चिंधी गेली त्या दिशीबी ठाऊक व्हतं?"

"हो."

"तू तितंच हुभा व्हतास."

"हो, अक्का."

"मंग बोल्ला का नाय?"

"तू हसत होतीस," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. मारलं असतं तर मला चाललं असतं. "मला दोन दिस रडू द्यायचं व्हतं रे," ती म्हणाली, "पोरगी तर ऱ्हायली असती." आणि दाजींचा हात धरून ती कातळ उतरून गेली.

गोरक्ष त्याच आठवड्यात गाव सोडून गेला. कुठे गेला माहीत नाही. लोक त्याला लबाड म्हणतात, तो लबाड होताच. पण त्याला तरी फसवून मिळवायचं होतं. मी सगळं जाणत होतो आणि नुसता भिडेखातर गप्प बसलो. अक्का सणावाराला माझ्या घरी येते, जेवते, पोरांना जवळ घेते. माझ्याशी कामापुरतं बोलते.

म्हणून हात जोडून सांगतो. डोळ्यांसमोर काही अचाट घडलं तर आधी विचारा की हे कशाने होतं, सकाळीही होतं का, बैलाच्या चिंधीनेही होतं का. डॉक्टरांनी दिलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि ज्यांना उत्तर ठाऊक आहे त्यांनी त्याच दिवशी, तिथल्या तिथे, तोंड उघडावं. समोरच्याला वाईट वाटेल. वाटू द्या. वाईट वाटायला माणूस जिवंत तरी राहील.